रथावरील खूण

बंगळूरच्या कोरमंगल येथील परिवहन कार्यालयात ‘केए-०१’च्या प्रत्येक अक्षरमालिकेत १ ते ९९९९ हे क्रमांक एकेकदाच येतात. गाडी कोणत्याही क्रमांकाने सारखीच धावते; तरीही मनपसंत अंकासाठी लिलाव होतो व सहस्रावधी, प्रसंगी लक्षावधी रुपये मोजले जातात. २०१९ पासून नव्या गाड्यांच्या पाट्यांचा नमुना एकसारखा झाला. मीपणाला मिरविण्यास आता अंकच काय तो उरला!

सद्‌गृहस्थ म्हणतो, ‘ही हौस नव्हे. ९९९९ ची बेरीज शेवटी नऊ येते, अंक शुभ आहे.’ बेरीज तर ३४०२ चीही नऊच येते. मग त्यासाठी चढाओढ का होत नाही? भगवंतांनी सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्ती सांगताना आरंभीच दंभ व दर्प गणले आहेत. ते पुष्कळदा श्रद्धेचे वस्त्र पांघरूनच घरात शिरतात.

अर्जुनाच्या रथालाही खूण होती. परंतु त्या ध्वजावर मारुतिराय होते आणि घोड्यांचे लगाम भगवंतांच्या हाती होते. युद्ध संपल्यावर भगवंतांनी अर्जुनास आधी उतरावयास सांगितले, मग ते स्वतः उतरले. तत्क्षणी ध्वजावरील कपी अंतर्धान पावला आणि तो दिव्य रथ जळून भस्म झाला.