आपण पडलो सामान्य माणसं

डोंबिवलीहून सकाळी पकडलेली स्लो लोकल दिव्याला थांबली. दारात आमच्या डब्यातला नेहमीचा ग्रुप उभा होता. बाहेर अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा, छातीशी प्लॅस्टिकची फाइल. ‘काका, पेपर आहे माझा,’ तो म्हणाला. दारातल्या एकाने हात आडवा धरला. ‘मागची गाडी पकड.’ गाडी सुटली. मुलगा दांडी धरून चार पावलं धावला, मग हात सुटला. नशीब, पडला नाही.

मी दारापासून तीन माणसं आत होतो. गर्दी होती, पण एक पोरगा मावला असता. कारण मुंब्र्याला त्याच दारातून ग्रुपच्या ओळखीचे दोघं आत आले. माझ्या कानात इयरफोन होते, गाणं बंद होतं. म्हणजे ऐकू सगळं आलं. मी मनाशी म्हटलं, आपण पडलो सामान्य माणसं, आपण काय करणार?

रात्री घरी सांगितलं. पोळ्या लाटता लाटता आईने एकच विचारलं, ‘मग तू काय केलंस?’

‘सामान्य माणूस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक चेहरा येतो. टक्कल, कानांवर थोडे पांढरे केस, गोल चष्मा, छोटी मिशी, चौकटीचा कोट आणि धोतर. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. १९५१ पासून पन्नासेक वर्षं तो ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या छोट्या चौकटीत येत राहिला. त्याच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं. पुण्यात सिम्बायोसिसमध्ये आणि मुंबईत वरळी सी फेसला त्याचे पुतळे उभे राहिले. त्याचा जन्म मात्र घाईतून झाला. लक्ष्मण आधी चित्रात बंगाली, तमिळ, पंजाबी असे प्रांतोप्रांतीचे लोक काढायचे. रोज अंक निघायच्या आत इतकी माणसं काढून होईनात. मग गाळता गाळता हा एकच उरला.

हा माणूस कधीच बोलला नाही. चौकटीचं नाव ‘यू सेड इट’, म्हणजे ‘हे तुम्हीच बोललात हं!’ आणि बोलायचे ते सगळे दुसरेच. मंत्री बोलायचे, अधिकारी बोलायचे, घरी त्याची बायको तर फटकळच. तो कोपऱ्यात उभा, चष्म्याआडून बघत. त्याचं हे गप्प असणं आपल्याला आवडतं. त्यात शहाणपण दिसतं, सोशीकपणा दिसतो. आणि नकळत आपण आपल्या गप्प बसण्यालाही तेच नाव देऊन टाकतो.

पण इथे एक गल्लत आहे. मराठीत बघणाऱ्यासाठी दोन शब्द आहेत. एक बघ्या, दुसरा साक्षीदार. दोघंही तिथे हजर असतात, दोघांनाही सगळं दिसतं. फरक इतकाच की साक्षीदार नंतर साक्ष देतो. कॉमन मॅन साक्षीदार होता, कारण त्याने पाहिलेलं लक्ष्मण कागदावर उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देश वाचायचा. त्याचं तोंड बंद असलं तरी त्याच्यासाठी बोलणारा हात रोज काम करत होता. माझ्यामागे असा कुणी लक्ष्मण नव्हता. मी गप्प बसलो, आणि ती गोष्ट दिव्याच्या प्लॅटफॉर्मवरच संपली.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. लक्ष्मण यांच्या चित्रात चुका सहसा मोठी माणसं करतात. सामान्य माणसाचे हात स्वच्छ असतात. आमच्या डब्याचं चित्र कसं काढणार? आडवा हात धरणारा कुणी मंत्री नव्हता. तोही हप्ते फेडणारा, बॉसला घाबरणारा, रोज घामेजून कामाला जाणारा. बाहेरचा मुलगा सामान्य, आतला काका सामान्य, मी सामान्य.

आता कुणी म्हणेल, गर्दी काय त्या काकांनी केली? नाही केली. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली, तरीही जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी पडले, काहींचा जीव गेला. त्याचा जाब वरच्यांनाच विचारायला हवा. पण वरच्यांचा दोष मोठा आहे म्हणून आपला छोटा दोष पुसला जात नाही. गर्दी व्यवस्थेने केली. आडवा हात मात्र आपलाच होता.

मग बोलायचं म्हणजे काय? लक्ष्मण यांच्याबरोबर ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये आणखी एक व्यंगचित्रकार होते, बाळ ठाकरे. एकाचा सामान्य माणूस आयुष्यभर गप्प राहिला. दुसऱ्याने १९६० मध्ये ‘मार्मिक’ काढलं, त्यातून संघटना उभी राहिली, आणि १९६७ मध्ये तिला पहिली सत्ता आपल्या ठाण्याच्या नगरपालिकेत मिळाली. तिथे माणूस बोलला, पण घोषणेत, हजारोंच्या आवाजात. घोषणेशिवाय एकत्र आलेली गर्दीही आपण पाहिली आहे. २ जानेवारी २०१५ ला लोकल खोळंबल्या आणि दिव्यात लोक रुळांवर उतरले. दगडफेक झाली, गाड्या तासन्‌तास बंद राहिल्या. त्यांचा राग खोटा नव्हता, पण अडकून पडले तेही त्यांच्यासारखेच लोक. त्याच महिन्यात, २६ तारखेला, पुण्यात लक्ष्मण गेले.

एकटं असताना गप्प, गर्दीत असताना दगड. आपल्याला हे दोनच प्रकार येतात असं कधी कधी वाटतं. डब्याच्या दारात लागतं ते तिसरंच. एका माणसाने, साध्या आवाजात, ओळखीच्या माणसाला सांगितलेलं एक वाक्य. त्याला शौर्य म्हणावं इतकं ते मोठं नाही. म्हणूनच ते अवघड जातं. मंत्र्याला शिव्या देणं सोपं, तो ऐकत नसतो. ज्याच्यासोबत उद्याही उभं राहायचंय, त्याला ‘हे बरोबर नाही’ म्हणणं कठीण.

महिनाभराने दिव्याला पुन्हा तसंच झालं. या वेळी मी म्हणालो, ‘येऊ द्या ना, मावेल तो.’ आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. दारातल्याने वळून विचारलं, ‘मग तुम्ही उतरता का?’ डबा हसला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कान तापले. पण सगळे हसत असताना तो आडवा हात जरासा खाली आला आणि बाहेरचा पोरगा त्याखालून आत घुसला.

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बॅग पुढे घेतली, कानात इयरफोन घातले आणि रील बघायला लागला. तोही सामान्य माणूसच.