मधेच बोलण्याची सोय

करोनाकाळाबद्दल ग्रंथालयाच्या मंडळींशी बोललं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'आम्ही वाचकांशी ऑनलाइन जोडलेले होतो.' आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या वार्षिक अहवालातही ते छापलं आहे. ते खोटं नाही. फक्त कोण जोडलं गेलं आणि कोण सुटलं, याचा त्यातून पत्ता लागत नाही.

आमचं वाचक मंडळ शनिवारी संध्याकाळी भरतं. देवघेव बंद झाली की वर्तमानपत्रांच्या खोलीत खुर्च्या गोल मांडायच्या. कोणीतरी वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायला लागतं आणि तिसऱ्या वाक्याला कोपऱ्यातून येतं, 'छे, छे, असं कुठं म्हटलंय त्यानं?' मग कपाटातून पुस्तक काढायचं, पान शोधायचं, ते काही सापडत नाही आणि तोवर गाडी भलत्याच पुस्तकावर गेलेली असते. व्याख्यान ऐकायचं तर गावोगाव वसंत व्याख्यानमाला आहेत. मंडळात माणसं येतात ती मधेच बोलता येतं म्हणून.

मार्च 2020 मध्ये कुलूप लागलं आणि महिन्याभरात मंडळ झूमवर गेलं. फुकटातली बैठक चाळीस मिनिटांत तुटायची. त्यामुळे वक्ता एक, विषय एक आणि 'बाकीच्यांनी कृपया म्यूट राहावं'. पडद्यावर दोघं एकदम बोलले की दोघांचंही कळत नाही. साहजिकच ज्यांना सलग बोलायची सवय, ते निवृत्त प्राध्यापक पुढे आले (अस्मादिक त्यातलेच). गर्दी मात्र वाढली. पुण्यात, दुबईत, न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या गावच्या लेकी ऐकू लागल्या, अभिवाचनं खरोखर देखणी झाली, कार्यवाह खूश. पण मंडळातले तिखट वाचक, ज्यांच्या 'छे, छे' ला आम्ही सगळे टरकून असायचो, ते दिसेनात. कोणाकडे बटणांचा फोन, तर कोणाच्या घरातल्या एकुलत्या स्मार्टफोनवर नातवाची शाळा.

पुस्तकांचं तर आणखी अवघड. कागदावर विषाणू किती टिकतो, हे सुरुवातीला कोणालाच माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या ग्रंथालयांसाठी हाती घेतलेल्या 'रिअल्म' प्रकल्पाच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष जून 2020 मध्ये आले. सुट्या ठेवलेल्या पुस्तकांवर तीन दिवसांनी विषाणू सापडला नव्हता. पुढच्या एका चाचणीत एकावर एक रचलेल्या पुस्तकांवर मात्र तो सहा दिवसांनीही सापडला. थप्पी लावायची ग्रंथालयांची जुनी खोडच आड आली म्हणायची. महाराष्ट्रात ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली ती 15 ऑक्टोबरला, नेमकी वाचन प्रेरणा दिनी. त्यानंतर आमच्या ग्रंथपालबाई परत आलेली पुस्तकं वाचनकक्षाच्या बाकांवर सुटी सुटी मांडून ठेवत. पृष्ठभागावरून संसर्ग होण्याचा धोका फारच कमी आहे, हे नंतर कळलं. तोवर दिवाळी अंकांची योजनाही थंडावली होती. एरवी हे अंक दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत घरोघर फिरतात आणि आधीच्या वाचकाने समासात पेन्सिलीने ओढलेला ताशेरा पुढच्याला आयता मिळतो. त्या वर्षी त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ फिरल्या. पाठवणारे त्याला वाचनसंस्कृतीची सेवा म्हणत होते. लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या पोटावर पाय देऊन कसली सेवा?

खरं काम केलं ते ग्रंथपालबाईंनी. तुटपुंजा पगार, तोही अनुदानाच्या हप्त्यावर अवलंबून. तरी त्यांनी सभासदांची नोंदवही काढली आणि म्हाताऱ्या वाचकांना फोन लावायला सुरुवात केली. साध्या फोनवरही पाच-सहा जण एकत्र जोडता येतात, हे त्यांना विम्याचं काम करणाऱ्या भावाकडून कळलं होतं. गुरुवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, त्या 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवू लागल्या. निवड अचूक होती. लक्ष्मीबाई टिळकांचं ते पुस्तक 1934 ते 1936 दरम्यान भागाभागांनी आलं आणि त्याची भाषा ओसरीवर बसून सांगितल्यासारखी आहे. 1895 मध्ये त्यांच्या नवऱ्याने, कवी टिळकांनी, ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली, तिथवर वाचन आलं तेव्हा मीही त्या फोनवर होतो.

'कवी मोठा असेल हो, पण संसाराला कुचकामी,' एक काकू म्हणाल्या.

'अहो काकू, पण त्या माणसाचं मन बघा ना.'

'तुम्ही पुरुष मन बघत बसा. डब्यात पीठ आहे का, ते बाईलाच बघावं लागतं.'

पिठावरून विषय गिरणीवर गेला, गिरणीवरून दळण कोण आणून देतं यावर, आणि एका आजोबांना शेजारी कोणीच नाही हे तेव्हा उघड झालं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे डबा गेला. फोनवर सगळे एकदम बोलत होते, कोणी कोणाला थांबवत नव्हतं, आणि ग्रंथपालबाई पुस्तकात बोट घालून वाट बघत होत्या.

पडद्याशी माझं वैर नाही. न्यू जर्सीच्या लेकींना तो हवाच, आणि आमचं वाचनालय पहिल्या मजल्यावर, लिफ्टविना असल्यामुळे गुडघे गेलेल्यांनाही हवा. पण पुढची साथ यायची तेव्हा येईल. तिची तयारी म्हणून महागडा कॅमेरा घ्यायचा ठराव समितीपुढे आला, त्याला मी विरोध केला. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना करोनाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. पुस्तकांची पेटी एखाद्या घरी ठेवायची, आसपासच्यांनी ती वाचायची आणि मग पेट्यांची अदलाबदल. प्रत्येक आळीत अशी एक पेटी आणि पाच-सहा जणांचा एक फोन, एवढं आमच्याकडे आधीपासून असतं तर सहा-सात महिन्यांचं कुलूप इतकं जाचलं नसतं. पेट्यांचा खर्च कॅमेऱ्याहून कमी आहे. फक्त पेटी फिरवायला माणूस लागतो आणि त्याला वेळेवर पगार लागतो, तिथे समिती गप्प होते.

अहवालात त्या वर्षीच्या कार्यक्रमांची यादी लांबलचक आहे, प्रत्येक ऑनलाइन व्याख्यानाच्या स्क्रीनशॉटसह. गुरुवारच्या फोनचीही नोंद घ्या, असं मी सुचवलं. 'घेऊ की,' कार्यवाह म्हणाले, 'फोटो आहे का?'