वाचलो, पण कशासाठी?

शंका : चार महिन्यांपूर्वी पंढरपूरहून परतताना आमच्या गाडीला ट्रकने समोरून धडक दिली. मी मागे बसलो होतो, वाचलो. गाडी चालवणारा माझा मित्र जागीच गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘देवाने तुम्हाला काहीतरी कार्यासाठी मागे ठेवलंय.’ ते कार्य कोणतं, काही केल्या उमगत नाही. नोकरी सोडून सेवेला वाहून घ्यावं असं वाटतं. मित्राच्या पत्नीचे फोन येतात, पण उचलायचा धीर होत नाही. मार्ग सांगावा.

समाधान : आधी भेटायला येणाऱ्यांविषयी. ‘देव तारी त्याला कोण मारी’ हे तुमच्या ओसरीवर बसून म्हणणं सोपं आहे. मित्राच्या घरी, त्याच्या बायकोला ऐकू जाईल असं म्हणून बघा म्हणावं! तुम्हाला कार्यासाठी ठेवलं, मग त्याचं काय कार्य उरलं नव्हतं? दर्शन तर दोघांनी एकाच विठोबाचं घेतलं होतं. प्रारब्ध सरलं की देह पडतो, असं आपलं शास्त्र सांगतं. म्हणजे तुमचं अजून शिल्लक आहे, इतकंच. त्यात बक्षीस नाही आणि त्याला शिक्षाही नाही. हाती राहतं ते क्रियमाण, म्हणजे आता करायचं कर्म.

तुकोबांचंच बघा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, चारचौघांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. पुढे काय केलं, ते त्यांनी स्वतःच एका अभंगात क्रमाने सांगितलं आहे. देहूचं देऊळ भंगलं होतं, ते नीट करावंसं मनात आलं. एकादशीला कीर्तन करू लागले, पण सुरुवातीला अभ्यासात चित्त लागत नव्हतं. संतांची काही वचनं पाठ केली. पुढे कोणी गात असेल तर मागे उभं राहून धृपद धरलं. कवित्वाची स्फूर्ती त्यानंतरची. दुष्काळातून उठल्या उठल्या ‘मला गाथेसाठी वाचवलं’ असं त्यांना कुठे ठाऊक होतं? समोर पडकं देऊळ होतं, त्याला हात घातला. (कर्जखतांतला आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत सोडला, अशी कथा आहे. पण धाकटा भाऊ कान्होबा याचा वाटा आधी त्याच्या हाती दिला. सेवेच्या भरात घर वाऱ्यावर सोडू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.)

आता तुमचं पडकं देऊळ. ते तुमच्याच पत्रात आहे, शेवटून दुसऱ्या वाक्यात. त्या बाई फोन का करतात? त्यांना कदाचित नवऱ्याचे शेवटचे शब्द ऐकायचे असतील. कदाचित दाव्याचं काम असेल. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा, असं आता कायद्यात आहे. त्यातले चार गेले. ट्रक कसा आला, कुठल्या बाजूने आला, हे डोळ्यांनी पाहिलेले तुम्ही. ट्रकवाल्याची विमा कंपनी उद्या चूक मित्राच्याच माथी मारू पाहील, तेव्हा खरं सांगायला दुसरं कोण आहे?

झोप उडाली असेल, धडकेचा आवाज सारखा कानात येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्यात श्रद्धेला कमीपणा नाही.

फोन आजच करा. बोलताना रडू आलं तर येऊ द्या. घरातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन त्यांच्या घरी जा, पोलिसांत दिलेल्या जबाबाची प्रत असेल तर ती न्या, वकील झाला आहे का ते विचारा. राजीनाम्याचं दाव्याच्या निकालानंतर बघू.