संकोच आणि देहधर्म



जनाबाईची वेणी प्रत्यक्ष पांडुरंगाने घातली, ही कथा आपण कीर्तनांतून अनेकदा ऐकली आहे. ती ऐकताना डोळे भरून येतात. परंतु तिचा एक अर्थ आपल्या ध्यानी राहत नाही. एका दासीच्या श्रमलेल्या देहाची देवाला शिसारी आली नाही. मग त्याच देहाच्या दुखण्याविषयी आपल्या घरात बोलण्याची चोरी का असावी?

हे लिहिण्यास कारण गर्भाशयमुखाचा कर्करोग होय. तो एका विषाणूपासून उद्भवतो आणि पुष्कळ वर्षे मुकाट्याने वाढतो. त्या काळात तपासणी झाली तर रोग होण्यापूर्वीच उपाय करता येतो. म्हणजे, ‘मला काही होत नाही’ असे म्हणणाऱ्या स्त्रीसाठीच ही तपासणी आहे. तथापि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ती एकदा तरी करवून घेतलेल्या शंभरात दोनही भरल्या नाहीत. स्तनांच्या तपासणीचे प्रमाण तर शंभरात एकाहूनही कमी.

याचा दोष स्त्रियांच्या लाजेला देण्याची आपली रीत आहे. आम्हांस ते पटत नाही. सीमेपलीकडचा धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा, आपणांस परका नाही; आळंद-बसवकल्याणकडील कित्येक सुनांचे माहेर तिकडचे. तेथील खेड्यांत १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने व मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने मोठे संशोधन केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट होते. एका गटातील ३४,१२६ स्त्रियांना विषाणूच्या एकाच तपासणीसाठी बोलावले. दर पाचांतील सुमारे चार जणी आल्या. शेतात खुरपणाऱ्या, लिहितावाचता न येणाऱ्या स्त्रियाही त्यांत होत्या. कोणीतरी समजावून सांगितले, आदराने बोलावले, त्या आल्या.

आठ वर्षांत त्या गटात या रोगाने ३४ जणी गेल्या. ज्या गटाला ही तपासणी दिली नव्हती, त्यातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ गेल्या. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या ६४ जणींची आठवण आम्हांस अस्वस्थ करते. त्यांच्या वाट्याला जे आले नाही, त्यावरूनच आपणांस हे ज्ञान लाभले. हे ऋण आपण मोजतो का?

आपल्याकडे ३० वर्षांवरील स्त्रियांची तपासणी २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात आहे. सौम्य आम्ल लावून मिनिटभर थांबावयाचे, पांढरा डाग उमटतो का ते पाहावयाचे, एवढीच ती साधी रीत. सोय सर्वत्र सारखी नाही, हे खरे. म्हणून आशाताईंकडे आधी चौकशी करावी. ज्यांना कन्नड नीट येत नाही, त्यांच्यासोबत येणारी एखादी जाणती स्त्री असावी. केंद्र सरकारने २०२३ मध्ये या उपकेंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव दिले आहे. मंदिरात जाण्यास आपल्या घरच्या स्त्रियांना कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

सासूबाईंनी प्रथम स्वतः जावे, मग सुनेस न्यावे. पुरुषांनी त्या दिवशी चूल सांभाळावी. भाकरी थोडी करपली तर हसून खावी.