मोकळ्या जागेचा मालक

"काका, तुम्ही माळकरी, आणि देवळाला विरोध करता?" सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मला हे विचारलं गेलं. विचारणारा तरुण प्रामाणिक होता. त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

मी नगररचना खात्यात आरेखक होतो. नकाशांवरच्या मोकळ्या जागा हिरव्या रंगवण्यात नोकरीची वर्षं सरली. मुंबई वगळता राज्यात बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या २०२० च्या नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचं रेखांकन करताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. नियम टक्का सांगतो, पण जागा निवडणाऱ्याचा हेतू कागदावर उमटत नाही. आधी इमारती बसतात, मग वाहनतळ, आणि शेवटी नाल्याकडेचा तिरका तुकडा मुलांच्या नावे लागतो. कुठे तर पोडियमच्या स्लॅबवर हिरवळ अंथरून हिशेब पुरा करतात. मुंबईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये सांगावं लागलं की किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी.

आमच्या वसाहतीला सुदैवाने चौकोनी, सपाट जागा मिळाली. तिथेच आता मंदिर बांधायचं म्हणतात.

पंढरीची वारी आमच्या घराण्यात आहे. मला दिसलेली भक्ती जास्त करून उघड्यावरची आहे. ज्यांना देवळाची पायरी बंद होती, त्यांनाही चंद्रभागेचं वाळवंट मोकळं होतं. कीर्तन तिथे उभं राहिलं. संतांनी हुतुतू, चेंडूफळी, विटीदांडू यांवर अभंग रचले. आजही वाखरीजवळ बाजीराव विहिरीला रिंगण होतं, अश्व धावून जातो आणि पाठीला बाक आलेले वारकरीही फुगडी धरतात. त्या मैदानात कुणी मंडप घातला तर रिंगण कुठे घ्यायचं? ब्रह्मसूत्रांमध्ये प्रश्न आहे की पूर्णकाम ब्रह्माने सृष्टी कशासाठी केली. उत्तर आहे, लीला. खेळ. ज्या धर्माने सृष्टीचं कारण खेळात पाहिलं, त्यातल्या माणसांनी खेळायची जागा देवाच्या नावाने बंद करावी, हे मला पटत नाही.

आपल्याकडे कायदा देवमूर्तीला मालमत्ता धारण करू देतो, मात्र तिला अज्ञान बालकासारखं धरतो. सांभाळणारा फक्त वहिवाटदार. मालक बोलत नाही, सही करत नाही, म्हणून तर सांभाळणाऱ्याची जबाबदारी वाढते. माझ्या मते त्या हिरव्या तुकड्याशी आपलं नातं हेच आहे. ज्यांच्यासाठी तो सोडला, ती मुलं सभेला येत नाहीत. काही तर अजून जन्मायची आहेत. सगळ्या सभासदांनी सह्या केल्या तरी मालकाची संमती आलेली नसते.

हेतू चांगला असला म्हणून काय झालं? बंगळुरात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली होती. रुग्णालय काही वाईट गोष्ट नव्हे. तरी १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप टिकू दिलं नाही. सार्वजनिक उद्यानांत नवी अनधिकृत प्रार्थनास्थळं बांधू देऊ नयेत, असा अंतरिम आदेशही त्याच न्यायालयाने २००९ मध्ये दिला. "आपली जागा सोसायटीची आहे, सार्वजनिक नव्हे," असं सभेत सांगण्यात आलं. कायद्याचा कीस काढता येईल. मी तो काढत नाही, कारण माझा आक्षेप वहिवाटदाराच्या धर्माचा आहे.

वसाहतीतल्या आजींचं म्हणणं मात्र मनाला लागलं. गुडघे चालत नाहीत, देऊळ लांब आहे, रिक्षावाला एवढ्याशा अंतराला येत नाही. त्यांची अडचण खरी आहे. सोसायटीच्या सभागृहात दर एकादशीला भजन ठेवू या, पेटी आणि टाळ मी आणतो. पांडुरंगाची तसबीर भिंतीवर लागेल. त्यासाठी मैदानाची एक वीटभर जागाही लागत नाही.

पुढच्या सभेत ठराव पुन्हा येणार आहे. माळ गळ्यात ठेवूनच मी विरोधात मत देणार आहे. तुमच्या वसाहतीत असा ठराव आला, तर तुम्हीही द्या.