सहावा मुलगा

प्रेमात वाढणे म्हणजे नेमके कशात वाढणे? मिस्सेला नियमित जाणे, रोजरीचा नेम पाळणे, उपासकाळात मन आवरणे ह्या गोष्टी दिसतात, त्यांचा हिशेब ठेवता येतो. प्रेम वाढते आहे की आटते आहे, ह्याची चौकशी मात्र आपण सहसा करीत नाही. संत पौलाने करिंथकरांना बजावले आहे, की प्रेम नसेल तर ज्ञान, श्रद्धा, इतकेच नव्हे तर सर्वस्वाचे दानही व्यर्थ होय. म्हणजे हातून दान घडूनही प्रेम नसू शकते. हा इशारा आपल्यासारख्या भाविकांसाठीच आहे.

ह्या संदर्भात आम्हाला आठवण होते ती रायगड जिल्ह्यातील एका घराची. पेण तालुक्यातील गागोदे ह्या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. घरच्या झाडाचा फणस पिकला की त्यांची आई रुक्मिणीबाई पानांच्या द्रोणांत गरे भरून ते मुलांच्या हाती शेजारीपाजारी आधी पोहोचवीत असे. घरातल्यांनी खायचे ते नंतर. देण्यात देवपण आहे आणि राखून ठेवण्यात राक्षसपण, हे तिने मुलांना असे कृतीतून शिकवले.

त्यांच्या घरी एखादा गरीब विद्यार्थी राहत असे. त्याला आई नेहमी ताजे वाढी. शिळे उरले तर ते स्वतः खाई, नाहीतर विनोबांना देई. हा भेदभाव नव्हे काय, असे मुलाने थट्टेने विचारले. तिने तो मान्य केला. ह्या परक्या मुलात मला देव दिसतो, तुझ्यात अजून माझा मुलगाच दिसतो. तुझ्यातही देव दिसू लागेल तेव्हा हा भेद उरणार नाही, अशा आशयाचे तिचे उत्तर होते.

आपली समजूत ह्याच्या उलट असते. आपल्या माणसांवर आपले प्रेम पूर्ण आहे, परक्यांपर्यंत तेवढे ते पोहोचत नाही, असे आपण मानतो. ह्या माउलीला उमगले होते, की ‘माझे’ म्हणून जे प्रेम असते त्यालाच अजून पुष्कळ वाढायचे असते.

पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाची सुरुवात झाली. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि गरिबांसाठी माझा वाटा द्या, असे विनोबा जमीनदारांना म्हणत. त्यांनी भीक मागितली नाही. घरातले नाते मागितले. मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळशी नापीक वा वादग्रस्त निघाली, हेही खरे. नको असलेले देऊन टाकणे माणसाला सोपे जाते. आपणही जुने कपडे देतो, उरलेला वेळ देतो.

पेणच्या दक्षिणेस कुंडलिकेच्या काठी रोहा आहे. तेथे १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. त्यांच्या स्वाध्याय परिवारातील माणसे भक्तिफेरीला स्वखर्चाने गावोगाव जातात, ती काही मागण्यासाठी नव्हे, तर भेटण्यासाठी. हीच कुंडलिका पुढे रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते, तेथे कोर्लईत आपल्या बांधवांची जुनी वस्ती आणि कार्मेल मातेचे मंदिर आहे. एकाच नदीच्या काठी राहणाऱ्यांनी एकमेकांचे चांगले ओळखू नये काय? इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. विनोबांनीही ‘ख्रिस्तधर्म-सार’ हे संकलन सिद्ध केले.

मग ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण कशात? आम्हास वाटते, ते मुख्यतः दोन गोष्टींत आहे. भुकेल्याला व परक्याला जे केले ते मलाच केले, असे प्रभू येशू म्हणतो. हा सहावा मुलगा तो स्वतःच आहे. दुसरे असे, की ही दृष्टी केवळ आपल्या प्रयत्नाने येत नाही. देवाने आपल्यावर आधी प्रेम केले, असे संत योहान सांगतो. मिस्साबलीत आपण घेतो ते त्याच प्रेमाचे अन्न. ते घेऊनही आपण होतो तिथेच राहिलो, तर अन्नात उणीव नाही. आपण ते अंगी लागू दिलेले नाही.

ह्याची परीक्षा दूर कोठे नाही. मुंबई जवळ आल्यापासून पेण-रोह्याच्या काय किंवा वसईच्या काय, जमिनीला भाव आले आणि कित्येक घरांत भावाभावांत बोलणे संपले. असे दोघे भाऊ एकाच मंदिरात वेगवेगळ्या बाकांवर बसतात, एकाच वेदीपुढे ख्रिस्तप्रसाद घेतात आणि एकमेकांना टाळून बाहेर पडतात. अनाथाश्रमाला देणगी द्यायला दोघेही तयार असतात. परक्यात त्यांना ख्रिस्त दिसतो. भावात मात्र केवळ वाटेकरी दिसतो. आपले अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, ही प्रभूची आज्ञा आपण किती वेळा ऐकली आहे!

समेट म्हणजे आपला न्याय्य हक्क सोडणे, असे आम्ही म्हणत नाही. वाटणी कायद्याने व्हावी. पण दावा चालू असतानाही भावाच्या आजारपणात त्याच्या उशाशी बसता येते, त्याच्या मुलीच्या लग्नाला जाता येते. मन तयार होण्याची वाट पाहू नये. पाऊल आधी पडते, मन मागून येते. प्रेम असेच वाढते, एका उंबरठ्यावरून दुसऱ्या उंबरठ्यावर जाताना.

येत्या हंगामात फणस पिकेल. पहिला द्रोण कोणाच्या दारी न्यायचा, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.