बेडी कोणी तोडायची?

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी दारूचा विषय मांडणे काही वाचकांना अप्रशस्त वाटेल. पण ज्या घरात व्यसन शिरले आहे, त्या घरात सणाच्याच दिवशी सर्वांत जास्त धाकधूक असते. बोनस घेऊन निघालेला बाप आकाशकंदील घेऊन येतो की झोकांड्या खात येतो, याची वाट पाहणारी मुले माझ्या वर्गात बसतात. मी रावेतला राहतो. निगडी, आकुर्डी, चिंचवड या आमच्या पट्ट्यात कारखाने पाळ्यांवर चालतात आणि पगार नेमाने होतो. त्याच नेमाने तो कित्येकांच्या हातून निसटतोही.

व्यसनी माणसाबद्दल आपल्याकडे दोन मते आहेत. एक म्हणते, मनात आणले तर तो उद्या सोडील. तो नालायक आहे, एवढेच. दुसरे म्हणते, हा आजार आहे. त्याला बोल लावू नका. या दोन मतांच्या कात्रीत सापडलेली एक माउली मुलाचे प्रगतिपुस्तक न्यायला आली असता मला म्हणाली, "गुरुजी, आजाऱ्यावर रागावू नये हे मला कळतं. पण माझं डोरलं विकलं गेलं, ते मग कोणाच्या नावावर लिहू?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला ख्रिस्ती विचाराचा मोठा आधार वाटला. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात संत पौलाने मनुष्याची एक विलक्षण अवस्था वर्णिली आहे. चांगले काय ते त्याला कळते, ते करावेसेही वाटते, आणि हातून मात्र नेमके नको तेच घडते. नियमाने चूक दाखवून दिली, तरी ती टाळण्याचे बळ काही नियम देत नाही. याचा पडताळा आपल्याकडेही आहे. मुंबई राज्यात 1949 साली दारूबंदीचा कायदा झाला. म्हणून गुत्ते ओस पडले काय?

पुढे संत ऑगस्टीनने ही बेडी कशी घडते तेही सांगितले. आधी इच्छा, इच्छेला वश होत गेले की सवय, आणि सवयीला अडवले नाही की तीच गरज होऊन बसते. त्याचे बंधन दारूचे नव्हते, पण कडीत कडी अडकण्याची रीत तीच. पहिला पेला माणूस उचलतो; पुढे पेलाच माणसाला उचलतो. म्हणजे वरची दोन्ही मते अर्धी खरी ठरतात. बेडी माणसाने स्वतःच घडवलेली असते, परंतु ती तोडण्याचे बळ आता त्याच्या मनगटात उरलेले नसते.

मग ती तोडायची कोणी? ख्रिस्ती माणूस एका शब्दात उत्तर देतो: कृपा. फादर जो परेरा यांनी 1981 साली मुंबईत वांद्र्याला व्यसनमुक्तीची जी संस्था काढली, तिचे नावच 'कृपा' आहे. हे धर्मगुरू स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले, आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यांच्या संस्थेत योगासनांना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांची जोड आहे. ती चळवळ 1935 साली अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झाली. तिची पहिली पायरी म्हणजे 'मी हरलो' अशी कबुली. 'मनात आणीन तेव्हा सोडीन' हा ताठा गळून पडल्याखेरीज मदतीचा हात धरता येत नाही. आमच्याजवळच्या देहूच्या वाटेवर हे नवे वाटू नये. माळ घातल्यावर दारू सुटलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना विचारावे, तर 'मी सोडली' असे ती म्हणत नाहीत. 'माउलीनं सोडवली' म्हणतात. आणि माळेबरोबर त्यांना दिंडीची सोबतही मिळालेली असते.

पण सारे कृपेवर सोपवले, तर त्या माउलीच्या डोरल्याचे काय? येथे मला जक्कयाची गोष्ट आठवते. लोकांना नाडून श्रीमंत झालेला हा जकातदार येशूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढला. येशूने त्याला खाली बोलावले आणि 'आज मी तुझ्या घरी उतरणार' असे सांगितले. आधी हिशेब चुकता कर, अशी अट त्याने घातली नाही. आणि ज्याला कोणी अट घातली नाही, तो जक्कय आपण होऊन म्हणाला की, ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करीन. बारा पायऱ्यांतही दुखावलेल्यांची यादी करून भरपाई करण्याच्या पायऱ्या आहेत. मात्र त्या आठवी आणि नववी. कृपा कर्ज बुडवत नाही; ती ऋणकोला फेडण्याजोगा करते. डोरले त्याच्याच नावावर राहील, बाई! तो सुटेल तेव्हा ते फेडणे हीच त्याच्या सुटकेची खूण. तोवर तुम्ही पगार आपल्या हाती ठेवलात, तर त्यात दया कमी पडली असे कोणी समजू नये.

येशूच्या एका दाखल्यात भूत निघून गेलेले एक घर आहे. ते झाडलेले, सजवलेले, पण रिकामे. ते भूत आणखी सातांना घेऊन परत येते. दारू सुटणे ही नुसती झाडलोट होय. मोकळ्या झालेल्या संध्याकाळी काय करायचे, कोणासाठी घरी यायचे, हे सापडले तरच मुक्ती टिकते. आपणही दिवाळीला घर झाडतो, रंगवतो. शेजारी नुकताच सावरलेला कोणी असेल, तर त्याला यंदा फराळाला अवश्य बोलवा, आणि ताट पुढे करताना मागचे काही काढू नका.